क्लचच्या आधी हेड गॅस्केट तपासा

वाचकाचं पत्र: "माझी पेट्रोल हॅचबॅक १४ वर्षांची आहे, १,४८,००० किलोमीटर झालेत. गेल्या आठ महिन्यांत तीनदा रस्त्यात अडकलो. आधी बॅटरी गेली. मग रेडिएटरचा होज पाइप फुटला. तापमानाचा काटा लाल पट्टीत होता, पण घर जवळच असल्याने दोनेक किलोमीटर गाडी तशीच आणली. पाइप बदलला, तरी तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी थोडं पाणी घालावं लागतं. तिसऱ्यांदा सिग्नलला गाडी बंद पडली ती सुरूच होईना; वीस मिनिटांनी आपली आपण चालू झाली. आता मेकॅनिकने क्लच, पुढचं सस्पेन्शन, टायमिंग बेल्ट आणि चार टायर असं काम सांगितलंय. खर्च गाडी विकून जे मिळेल त्याच्या साठ टक्के. घरचे म्हणतात, हे पैसे आणि विक्रीचे पैसे मिळून नव्या गाडीचं डाउन पेमेंट होईल. रोज मुलीला शाळेत सोडून कामावर जातो, महिन्यातून दोनदा आईला दवाखान्यात न्यायचं असतं. भरवशाची गाडी हवी. दुरुस्त करू की नवी घेऊ?"

नमस्कार,

काटा लाल पट्टीत असताना दोन किलोमीटर, आणि तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी पाणी. तुम्ही हे जाता जाता लिहिलंय आणि मेकॅनिकच्या यादीत तर ते नाहीच. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच्यावर ठरणार आहे. त्याचा उलगडा होईपर्यंत क्लचवर, टायरवर किंवा सस्पेन्शनवर काही खर्च करू नका, आणि नव्या गाडीचं बुकिंगही करू नका.

बहुतेक गाड्यांच्या इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, ॲल्युमिनियमचं असतं. ब्लॉक (सिलिंडर असलेला खालचा भाग) आणि हेड यांच्यामध्ये पातळ हेड गॅस्केट बोल्टच्या ताणाने दाबून बसवलेलं असतं. कूलंट (रेडिएटरमधलं थंड ठेवणारं पाणी) निघून गेल्यावर हेड प्रमाणाबाहेर तापतं, फुगतं, गॅस्केट चेपतं, आणि थंड झाल्यावर पूर्वीसारखं सपाट राहीलच असं नाही. मग दोन पृष्ठभागांमध्ये केसाएवढी वाट राहते. तिच्यातून कूलंट थोडं थोडं सिलिंडरमध्ये झिरपतं आणि वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. गाडीखाली एक थेंब दिसत नाही, आणि पाणी मात्र कमी होत राहतं.

दुसरी शक्यता बरीच साधी आहे. नवीन पाइपचा क्लॅम्प नीट आवळलेला नसेल, रेडिएटरचं झाकण दाब धरत नसेल, वॉटर पंपाचं सील गेलं असेल, किंवा डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर पाझरत असेल. यातलं कुठलंही काम परवडणारं आहे. नेमकं काय झालंय ते अर्ध्या दिवसाच्या तपासणीत कळतं.

सुरुवात घरीच करा. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना (गरम असताना झाकण कधीच उघडायचं नाही, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि अंगावर उसळतं) एक्सपान्शन टाकीतली (कूलंटच्या प्लास्टिकच्या टाकीतली) पातळी वरच्या खुणेपर्यंत भरा आणि बाहेरून मार्करने रेघ मारा. डिपस्टिक काढून तेल बघा. तेल दुधाळ, कॉफीच्या रंगाचं दिसलं तर इंजिन सुरूच करू नका, गाडी टो करून न्या. पाणी मिसळलेलं तेल क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) बेअरिंगवर टिकत नाही. तेल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला थोडी पांढरट साय असेल तर एवढ्यावरून घाबरू नका, रोज छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत दमटपणामुळेही ती जमते. मग इंजिन सुरू करा आणि दोन मिनिटांत रेडिएटरचा वरचा पाइप हाताने दाबून पाहा. इंजिन अजून कोमटही नसताना तो दगडासारखा कडक झाला, तर सिलिंडरमधला दाब कूलंटमध्ये शिरतोय असं समजा.

पुढचं काम गॅरेजमध्ये. मागायच्या चाचण्या तीन आहेत, नावानिशी मागा.

पहिली प्रेशर टेस्ट. इंजिन थंड असताना रेडिएटरच्या तोंडावर हातपंप बसवून झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतका दाब द्यायचा. बहुतेक झाकणांवर ०.९ किंवा १.१ बार असं लिहिलेलं असतं. पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. पंपावरचा काटा उतरला तर गळती आहे, आणि ती तेव्हाच शोधायची: पाइपांची टोकं, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीचा जोड, वॉटर पंपाखालचं बारीक छिद्र, पुढच्या सीटसमोरचा गालिचा. गालिचा ओला असेल किंवा गाडीत गोडसर वास येऊन काचेवर तेलकट धुकं धरत असेल, तर हीटरचा रेडिएटर गेलाय. याच वेळी झाकणही त्याच पंपावर तपासून घ्या. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, पण १ बार दाब धरला की तेच साधारण १२० अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणजे झाकणाची स्प्रिंग ढिली पडली तर बाकी सगळं ठीक असूनही गाडी पाणी बाहेर टाकते. झाकण ही अगदी स्वस्त वस्तू आहे आणि जुन्या गाडीत ती बदलायचं कुणाच्याच लक्षात येत नाही.

दुसरी ब्लॉक टेस्ट. गरम इंजिन चालू ठेवून कूलंटवरची हवा एका निळ्या द्रवातून ओढून घेतात. त्या हवेत जळालेल्या पेट्रोलचा वायू असेल तर द्रव पिवळा होतो. काही मिनिटांचं काम आहे.

तिसरी कॉम्प्रेशन टेस्ट. इंजिन गरम, चारही स्पार्क प्लग बाहेर, इग्निशन आणि इंधन बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि बॅटरी भरलेली. प्रत्येक सिलिंडरवर पाच-सहा फेरे सेल्फ मारून दाबाचा आकडा लिहून घ्यायचा. पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १४ बार येतात. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. आकडा किती आहे याच्याइतकंच चारही एकमेकांच्या किती जवळ आहेत हे बघायचं. फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली आले असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट गेलंय. एकच सिलिंडर कमी असेल तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजायचं: आकडा वर आला तर पिस्टन रिंग झिजल्या आहेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. "इंजिन चांगलं आहे" एवढं तोंडी उत्तर घेऊ नका, कागदावर चार आकडे घ्या. गाडी ठेवायची ठरली तरी ते उपयोगी पडतील आणि विकायची ठरली तरी.

गाडी लिफ्टवर असतानाच गंजही बघून घ्या. इंजिन, गिअरबॉक्स, क्लच बदलता येतात. सांगाडा कुजला तर त्याला इलाज नाही. दारांखालचे लांब पोकळ पट्टे, जॅक लावायच्या जागा, मागचा ॲक्सल बीम जिथे पत्र्याला धरलाय ती ठिकाणं, बोनेट उघडल्यावर दिसणारे शॉकअब्सॉर्बरचे वरचे घुमट आणि ब्रेकचे लोखंडी पाइप. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं. निकोप पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द. संशय आला तिथे टोकाने दाबून बघा. वरवरचा तांबूस थर घासून, प्रायमर आणि अंडरकोटिंग करून थांबवता येतो. टोक आत गेलं, आणि तेही सस्पेन्शनच्या जोडापाशी किंवा सांगाड्याच्या पट्ट्यात, तर पुढचा विचार करायची गरज नाही, या गाडीवर आणखी पैसे घालू नका.

आता यादीकडे येऊ. ती चुकीची आहे असं नाही, पण तिच्यातल्या सगळ्या कामांची निकड सारखी नाही.

टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारा पट्टा) सर्वांत निकडीचा. आधी मॅन्युअलमध्ये पाहा, तुमच्या इंजिनाला बेल्टच आहे ना. अनेक इंजिनांना साखळी असते आणि ती ठरावीक किलोमीटरवर बदलायची नसते, थंड इंजिन सुरू करताना खडखडली तरच बघायची. बेल्ट असेल तर बहुतेक कंपन्या ६०,००० ते १,००,००० किलोमीटर किंवा काही ठरावीक वर्षं, यांपैकी जे आधी येईल तेव्हा बदलायला सांगतात, कारण रबर नुसतं उभ्या गाडीतही म्हातारं होतं. शेवटचा कधी बदलला याची पावती नसेल तर तो बदललेलाच नाही असं धरून चाला. बेल्ट तुटला की अनेक इंजिनांत उघडे राहिलेले व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आदळतात आणि एका क्षणात हेडचं मोठं काम निघतं. नुसता बेल्ट बदलू नका. टेन्शनर, आयडलर पुली (बेल्ट ताणून आणि मार्गावर धरणारी चाकं), आणि पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर वॉटर पंपही सोबत घ्या, कारण मजुरीचा मोठा वाटा तिथपर्यंत पोहोचण्याचा असतो. कॅम आणि क्रँकच्या तोंडची ऑइल सील पाझरत असतील तर तीही तेव्हाच. तेल लागलेला बेल्ट फार दिवस टिकत नाही. बेल्ट चढवल्यावर सेल्फ मारण्याआधी क्रँक पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का, हे मेकॅनिकला तुमच्यासमोर करायला सांगा.

आणि म्हणूनच गॅस्केटची तपासणी आधी. गॅस्केट गेलंच असेल तर हेड उतरवण्यासाठी बेल्ट काढावाच लागतो. आज बेल्ट बदलून दोन महिन्यांनी हेड उघडायची वेळ आली तर तीच मजुरी दुसऱ्यांदा द्याल.

क्लच खरोखर गेलाय का, हे तुम्ही स्वतः पाहू शकता. मोकळ्या सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ५० च्या आसपास ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचे फेरे झपकन वाढले आणि वेग मात्र तसाच राहिला, तर क्लच प्लेट घसरतेय. तसं होत नसेल आणि फक्त पेडल खूप वर येऊन गाडी उचलत असेल, तर प्लेट झिजत आलीय पण काही महिने मिळतील. पेडल दाबताना घरघर येते आणि सोडल्यावर थांबते ती रिलीज बेअरिंगची. गाडी उठताना थरथरत असेल तर क्लच उघडायच्या आधी इंजिन माउंटिंग बघा, १४ वर्षांत ती रबरं बसलेली असतात. काम करायचंच ठरलं तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकत्र, आणि गिअरबॉक्स खाली आलाच आहे तर क्रँकचं मागचं ऑइल सील आणि गिअर ऑइलही.

"पुढचं सस्पेन्शन" नावाचा पार्ट नसतो. कोणता भाग, कोणत्या बाजूचा आणि कशामुळे, असं लिहून मागा. खड्ड्यातून जाताना हलका खटखट आवाज येतो तो पुष्कळदा अँटी-रोल बारच्या लिंक रॉडचा असतो, किरकोळ काम. लोअर आर्मचं बुश (सांध्यातलं रबर) फाटलं असेल तर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते. बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड (चाकाला सस्पेन्शन आणि स्टीअरिंगशी जोडणारे सांधे) यांमध्ये ढिलेपणा असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका, बॉल जॉइंट निखळला की चाक आडवं होतं. शॉकअब्सॉर्बर तेल गळत असेल तर बदला, आणि नेहमी डावा-उजवा जोडीने. एक बारकावा बऱ्याच गॅरेजमध्ये पाळला जात नाही: रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन पडल्यावर. लिफ्टवर लोंबकळत्या अवस्थेत आवळले तर गाडी खाली आल्यावर बुश कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. त्यानंतर व्हील अलाइनमेंट हवंच, नाहीतर नवे टायर एका कडेने झिजतील.

टायरच्या बाजूवर डॉट (DOT) या खुणेनंतर शेवटचे चार आकडे बघा. ३५१९ म्हणजे २०१९ सालचा ३५वा आठवडा. सहा वर्षांपुढचे टायर दरवर्षी बारकाईने तपासून घ्यायचे, दहा वर्षांपुढचे कितीही नवे दिसले तरी काढायचे, त्यात स्टेपनीही आली. नक्षीची खोली ३ मिलिमीटरच्या खाली गेली की ओल्या रस्त्यावर पकड बरीच कमी होते. चारही एकदम घेणं जमत नसेल तर दोन घ्या, आणि ते मागे बसवा. मागची चाकं घसरली तर गाडी गोल फिरते आणि सावरणं कठीण जातं.

सिग्नलला गाडी बंद पडली, त्याबद्दल यादीत काहीच नाही, हे खटकतं. मुलीला आणि आईला घेऊन जाताना तुम्हाला पुन्हा अडकवेल ते हेच. गरम झाल्यावर बंद पडणं आणि थंड झाल्यावर आपोआप सुरू होणं ही क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरची नेहमीची लक्षणं. इंजिन कुठल्या फेऱ्यात आहे हे या सेन्सरवरून कळतं. त्याच्या आतली तार तापल्यावर तुटक होते, संदेश थांबतो आणि कॉम्प्युटर स्पार्कही देत नाही, पेट्रोलही नाही. स्कॅनर लावून पी०३३५ (P0335) हा कोड आहे का बघायला सांगा. कोड नसला तरी सेन्सर निर्दोष ठरत नाही, अशा येत्या-जात्या बिघाडात तो नोंदला जाईलच असं नसतं. खरी परीक्षा पुन्हा बंद पडेल तेव्हा: सेल्फ मारताना स्कॅनरवर फेऱ्यांचा आकडा शून्यच राहिला तर सेन्सर किंवा त्याची वायर. आकडा दिसतोय आणि तरी सुरू होत नसेल तर इंधन पंपाकडे वळा. चावी पहिल्यांदा ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद हलकी गुणगुण ऐकू यायला हवी. ती गुणगुण नसेल तर आधी फ्यूज आणि रिले, मग पंप. टाकी नेहमी पाव भागाच्या वर ठेवा, पंप आजूबाजूच्या पेट्रोलनेच थंड राहतो.

बॅटरी बदललीत, पण आधीची का गेली ते तपासलं का? मल्टिमीटरने दोन मिनिटांत कळतं. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५, आणि सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. चालू इंजिनावर १३.५ सुद्धा येत नसतील तर अल्टरनेटरचे (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचे) ब्रश किंवा रेग्युलेटर थकलेत आणि नवी बॅटरीही तशीच मरेल. रात्रभरात व्होल्टेज उतरत असेल तर गाडी बंद असताना कुठेतरी करंट जातोय. सगळी दारं लावून, गाडी लॉक करून अर्धा तास गेल्यावर ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त जायला नको.

आता पैशांचा हिशोब. दुरुस्ती गाडीच्या विक्री-किमतीच्या निम्म्याहून वर गेली की गाडी काढावी, असा एक ठोकताळा सांगतात. आमचं मत त्याच्या विरुद्ध आहे. तुम्ही दुरुस्तीतून गाडीची किंमत विकत घेत नाही, पुढची वर्षं विकत घेता. तेव्हा तुलना त्या वर्षांच्या दुसऱ्या मार्गाने येणाऱ्या खर्चाशी करायची. बॅटरी आणि पाइपवर गेलेले पैसे यात धरू नका, ते कुठल्याही निर्णयाने परत येणार नाहीत.

नव्या गाडीची किंमत १०० धरा. समजा तुमच्या गाडीचे आज १५ मिळतात. साठ टक्के म्हणजे यादीचा खर्च ९ झाला. तीन वर्षं चालवायची म्हटलं तर वर्षाला ३. नेहमीची सर्व्हिस आणि अनपेक्षित काम यांसाठी आणखी ३ ठेवा. तीन वर्षांत विक्री-किंमत १५ वरून ८ वर आली तर वर्षाला सव्वादोन. एकूण सव्वाआठ. नवी गाडी पहिल्या पाच वर्षांत साधारण निम्मी किंमत गमावते, म्हणजे सरासरी वर्षाला १०, आणि सुरुवातीच्या वर्षांत त्याहून जास्त. ८० चं कर्ज पाच वर्षांसाठी दरसाल ९ टक्क्यांनी घेतलं तर एकूण व्याज जवळपास २० होतं, वर्षाला ४. झाले १४, आणि वाढीव विमा वेगळा. नवीन गाडी पेट्रोल कमी खाते हे खरं आहे, पण तेही मोजून बघा: वर्षाला १२,००० किलोमीटरला लिटरमागे १४ ऐवजी १८ मिळाले तर वाचतात १९० लिटर. या आकड्यांच्या जागी तुमचे खरे आकडे घाला.

गॅस्केट गेलं असेल आणि हेडच्या कामाचे ५ वाढले, तरी वर्षाला १० च्या आतबाहेर बसेल. पण तिथे नुसत्या बेरजेवर जाऊ नका. उतरवलेलं हेड मशीन शॉपमध्ये सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून घ्या. वाकणं मॅन्युअलमधल्या मर्यादेत असेल तर पृष्ठभाग घासून, नवं गॅस्केट आणि नवे हेड बोल्ट घालून इंजिन पुन्हा उभं राहतं. अनेक इंजिनांचे बोल्ट एकदा ताणले की पुन्हा वापरायचे नसतात, जुने बसवू देऊ नका. हेड मर्यादेबाहेर वाकलंय, चिरलंय किंवा कॉम्प्रेशन रिंगांमुळेही उतरलंय असं निघालं, तर मात्र इथेच थांबा आणि गाडी आहे त्या स्थितीत, दोष सांगून विकून टाका.

एका गोष्टीपुढे हा सगळा हिशोब आम्ही बाजूला ठेवू, ती म्हणजे अपघातातला बचाव. चावी ऑन केल्यावर डॅशबोर्डवर काही क्षण पेटणारे दिवे बघा. एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा पेटतो का, एअरबॅगचा पेटून विझतो का, आणि घसरत्या गाडीचं चित्र असलेला स्टॅबिलिटी कंट्रोलचा आहे का. युरोपात स्टॅबिलिटी कंट्रोल सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचा झाला तो २०१४ च्या अखेरीस, अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून. त्याआधीच्या कित्येक गाड्यांत तो नाही. तुमच्या गाडीत एबीएस आणि पुढच्या दोन एअरबॅग असतील तर ती आणखी तीन वर्षं वापरण्यात आम्हाला गैर वाटत नाही. दोन्ही नसतील तर इंजिन कितीही ठणठणीत निघो, रोज लेकराला बसवायची गाडी वर्षभरात बदला, आणि यादीतलं फक्त बेल्ट, टायर, ब्रेक आणि बॉल जॉइंट एवढंच करा. एअरबॅग असतील तर गाडीचा १७ अक्षरी व्हीआयएन (चासी) क्रमांक कंपनीच्या वेबसाइटवर टाकून रिकॉल बाकी आहे का बघा. टकाटा कंपनीच्या एअरबॅगमधला अमोनियम नायट्रेटचा इन्फ्लेटर (पिशवी फुगवणारा भाग) उष्णता आणि दमटपणाने खराब होऊन उघडताना फुटतो आणि धातूचे तुकडे उडवतो. त्यासाठी जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या. हे काम कंपनी फुकट करून देते.

बदलायचीच ठरली तर अगदी नवीच हवी असं नाही. तीन-चार वर्षांची, सर्व्हिसच्या पावत्या असलेली गाडी पहिल्या मालकाने मोठी घट सोसून झाल्यावर तुमच्याकडे येते. वर सांगितलेल्या चाचण्या तिच्यावरही करा, पैसे देण्याआधी.

आणि ठेवायची ठरली तर यादीतल्या कामांसोबत सगळे द्रव एकदाच बदलून टाका म्हणजे पुढे तारखा सांभाळणं सोपं जाईल. पाइप फुटल्यापासून साधं पाणी घातल्याने कूलंट पातळ झालंय आणि त्यातलं गंजरोधक संपत आलंय. सगळं काढून, आतून धुऊन, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्याच प्रकारचं कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं घाला. वेगवेगळ्या जातीची कूलंट मिसळली तर गाळ होऊ शकतो. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा बाहेर काढायची. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, कारण ते हवेतला ओलावा शोषतं: डॉट ४ प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू नवं असताना किमान २३० अंश असतो, ओलावा धरल्यावर १५५ पर्यंत उतरतो, आणि लांब उतारावर ब्रेक पेडल अचानक पोकळ लागतं ते यामुळे. इंजिन ऑइल १०,००० किलोमीटरला किंवा वर्षाने, आणि महिन्यातून एकदा डिपस्टिक. उरलेले जुने होज पाइप आणि थर्मोस्टॅटही आत्ताच. एक फुटला म्हणजे त्याच वयाचे बाकीचे रांगेत आहेत. चाकांच्या आतल्या बाजूचे सीव्ही जॉइंटचे (गिअरबॉक्सची ताकद चाकाला पोहोचवणाऱ्या सांध्यांचे) रबरी बूट फाटलेत का बघा. बूट आणि ग्रीस वेळेत बदलले तर जॉइंट वाचतो, वळताना कटकट सुरू झाल्यावर पूर्ण जॉइंटच बदलावा लागतो.

दुरुस्तीनंतरचे पहिले हजार किलोमीटर आईच्या दवाखान्याच्या फेरीला दुसरी सोय हाताशी ठेवा. इतकं काम एकदम झालं की एखादा क्लॅम्प, एखादा कनेक्टर ढिला राहतोच. आणि काटा पुन्हा चढला तर एसी बंद, हीटर आणि पंखा पूर्ण, मिनिटभरात कडेला घेऊन इंजिन बंद. कूलंट पूर्ण निघून गेलं असेल तर तापमानाचा सेन्सर हवेत राहतो आणि काटा उलट खाली येतो, तेव्हा चढलेला काटा अचानक उतरला म्हणून पुढे जाऊ नका.

उद्या सकाळी गाडी सुरू करण्याआधी टाकीवर रेघ मारा. चार सिलिंडरचे आकडे, प्रेशर टेस्टमध्ये काटा किती उतरला आणि ब्लॉक टेस्टमधल्या द्रवाचा रंग आम्हाला कळवा, क्लच आणि हेडचं काम कोणत्या क्रमाने करायचं ते त्यावरून सांगू.